खंडेनवमीचा भरलेला फळा

मी कुठलंही विमान वाचवलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे शब्द फिरवायला वाव नको.

आमच्या घरात ही गोष्ट गेली पन्नास वर्षं चालू आहे. लग्नात, बारशात, नवा जावई पहिल्यांदा जेवायला आला की त्याला वरणाच्या वाटीबरोबर वाढतात: आमच्या आईंनी एकदा विमान वाचवलं. मी तिथेच बसलेली असते. "अहो, काहीतरीच काय," म्हणून पदर सारखा करते. सगळे त्याला विनय म्हणतात. विनय कसला? त्या प्रसंगाबद्दल मी खरं बोलले असेन तर तेवढंच.

विमान मी वाचवलं नाही, ते पडायच्या बेताला आणलं होतं. आणि कशासाठी, तर फोटो चांगला यावा म्हणून.

तेव्हा मी पंचविशीची होते. मुंबईच्या विमानतळाच्या कडेला एका कंपनीचं हँगर होतं. छोटी विमानं भाड्याने द्यायची कंपनी. कधीच बुडाली, आता तिचं नाव माझ्याशिवाय कुणाला आठवत नसेल, आणि मीही सांगणार नाही. मी तिथे टूल रूम सांभाळायचे. जाळीची खिडकी असलेली एक खोली, आणि आत भिंतभर फळा. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने भरलेली. पान्याच्या जागी पाना, पकडीच्या जागी पक्कड. हत्यार जागेवर असलं की लाल झाकलेलं. फिटरने नेलं की लाल उघडं पडायचं आणि त्या खिळ्यावर त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला लटकायचा. लांबूनही दिसावं, की काय बाहेर आहे आणि कुणाकडे आहे. पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "बाई, फळ्यावर लाल दिसतंय तोवर विमान सोडायचं नाही." एवढाच नियम. शेंबड्या पोरालाही पाळता आला असता.

मला आला नाही, कारण मी शेंबडी नव्हते. मी नीटनेटकी होते. माझी पिवळ्या फडक्याची घडीसुद्धा चौकोनी असायची. आपटा गावचा एक फिटर होता, आठवडाभर मुंबईत राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. तो खिडकीशी आला की हमखास चिडवायचा, "बाय, तुमी हत्यारं पुसता का देव पुसता?" मला ती स्तुती वाटायची. त्या बयेला काहीही स्तुती वाटायची.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. वर्षभर ग्रीसमध्ये लोळणारी हत्यारं त्या दिवशी हळदकुंकवाची धनी. साहेब सपत्नीक यायचे, नारळ फुटायचा, पेढे वाटायचे. त्या वर्षी साहेबांच्या बाईंनी कॅमेरा आणणार असल्याचा निरोप धाडला होता. झालं. मी मोरपिशी साडी नेसले, आदल्या दिवशी झेंडूच्या माळा ओवल्या, फळ्याला चारी बाजूंनी तोरण बांधलं. आणि साहेब गेटाशी आले तेव्हा बघते तर काय, फळ्याच्या ऐन मध्यावर सतरा नंबरची जागा उघडी. पाना गेलेला. लालभडक आकृती, आणि वर तो मळका बिल्ला. देवाच्या पुढच्या दाताला कीड लागावी तसं दिसत होतं.

पाना आपट्याच्या फिटरकडे होता. तो एका विमानाच्या शेपटीत अर्धा आत शिरून काम करत होता. दुपारी ते विमान जायचं होतं.

मग त्या शहाणीने काय केलं? नव्या मालाच्या कपाटातून तसाच कोरा पाना काढला आणि सतराच्या जागी अडकवला. बिल्ला काढून टेबलाच्या खणात टाकला. पूजा झाली की परत लावू. पाच मिनिटांचा तर प्रश्न. फळा असा भरला की मलाच माझं कौतुक वाटलं.

तोवर फिटरला हाका सुरू झाल्या होत्या. एकदा शिपाई गेला, एकदा सुपरवायझर गेला. तिसऱ्यांदा खुद्द साहेब गेले आणि ओरडले, "अरे, देवापेक्षा मोठा झालास का? चल बाहेर!" तो बाहेर आला. हात पुसत, घाईघाईत. पाना आतच राहिला.

नारळ फुटला. फोटो निघाला. मी मधोमध, मागे भरलेला फळा. पेढे वाटले, कपबशा विसळल्या, साडीचं कौतुक करून घेतलं. खणातला बिल्ला खणातच राहिला. विसरले, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणते, माझं लक्ष मोरपिशी साडीत होतं.

फिटर परत शेपटीकडे जाता जाता खिडकीशी थांबला. त्याची सवयच तशी होती. झाकण लावायच्या आधी एकदा फळ्याकडे बघून जायचा. त्याने पाहिलं, सतरा नंबर जागेवर. त्याला वाटलं, घाईत आपणच दिला असेल. त्याने जाऊन झाकण लावलं, सही केली.

विमान गेलं आणि वीस मिनिटांत परत आलं. वैमानिक उतरला तो घामाने निथळत. म्हणाला, पायाखालचं पेडल मध्येच अडकतंय, वळवताना जीव जायची वेळ आली. आत आणखी दोन माणसं होती. त्यातल्या एकाने उतरल्या उतरल्या जमिनीवर बसकण मारली, ती मला अजून दिसते.

सगळे कॉकपिटकडे धावले. मला मात्र त्या क्षणी खण आठवला. तोंडातून निघून गेलं, "शेपटीत बघा!" बघितलं. सुकाणूच्या तारांच्या कडेला सतरा नंबर कोरलेला पाना. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

आता इथे खरं बोलायला किती शब्द लागले असते? मोजून चार. मी म्हणाले, "मला आपलं वाटलं."

"बायकांना कळतं," साहेब म्हणाले. झाली मी अंतर्ज्ञानी. महिन्याभरात प्रशस्तिपत्र आलं, चौकटीसकट.

त्याआधी चौकशी झाली. तोवर मी कोरा पाना गुपचूप कपाटात परत ठेवला होता. म्हणजे चौकशीला आलेल्यांनी काय पाहिलं? सतराची जागा रिकामी आणि बिल्ला नाही. अर्थ सरळ होता, फिटरने बिल्ला न देताच पाना नेला. तो सांगत होता, मी बिल्ला दिला. तो सांगत होता, मी झाकण लावायच्या आधी बघितलं, फळा भरलेला होता. लोक हसले. पाना शेपटीत असताना फळा भरलेला कसा असेल? पूजेला तीसएक माणसं हजर होती, पण फळा कुणालाच आठवेना. सगळ्यांचे डोळे पेढ्यांवर.

मला एकच प्रश्न विचारला. "बिल्ला आहे का खिळ्यावर?"

"आत्ता तरी नाहीये, साहेब."

बघा, एक अक्षर खोटं नाही. वकिलाने कान धरावेत असं उत्तर.

त्याला मधूनच कामावरून ओढून कुणी नेलं, हे कुणी विचारलं नाही. कोण विचारणार? ओढून नेणाराच खुर्चीवर बसून विचारत होता. पत्र तयारच होतं. 'सदर चूक केवळ माझ्या निष्काळजीपणामुळे झाली असून तिला अन्य कोणीही जबाबदार नाही.' त्याने सही केली. खाली साक्षीदार म्हणून एक सही लागते. तीही वळणदार अक्षरात आहे. माझीच.

जायच्या दिवशी तो बिल्ले परत करायला खिडकीशी आला. प्रत्येकाला पाच मिळायचे. त्याने चार ठेवले.

"बाय, पाचवा तुमच्या खिल्यावर होता. मना चांगला आठवतंय. मी लावला होता ना?"

मी रजिस्टरात मान घालून म्हणाले, "मला नाही आठवत."

त्याने चारही बिल्ले पुन्हा मोजले. मग म्हणाला, "मग माजंच डोकं फिरलं असंल." आणि गेला.

तो पाचवा बिल्ला मी पूजेच्या निर्माल्याच्या पिशवीत घालून खाडीत सोडला. हळदकुंकवासकट. माझ्यासारखी धार्मिक बाई शोधून सापडायची नाही.

खंडेनवमीचा फोटो दिवाळीनंतर आला. रोल संपल्याशिवाय तेव्हा धुवायला टाकत नसत. त्यात फळा स्वच्छ दिसतो, लाल कुठेही नाही. तो माणूस खरं बोलत होता, याचा एकमेव पुरावा माझ्या हातात आला, आणि मी तो शालूच्या घडीत ठेवून दिला. पुढे कळलं, तो आपट्याला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. आम्ही राहतो त्या पनवेलपासून आपटा किती लांब आहे? कर्नाळ्याला पोरांना पक्षी दाखवायला मी किती वेळा गेले, तिथून पुढे चार पावलं जायला मला पन्नास वर्षं पुरली नाहीत. काही वर्षांपूर्वी जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, तो गेला म्हणून. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. माझ्या आधी सोळा जणांनी पाठवलं होतं, मी सतरावी.

हे सगळं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गेल्या हिवाळ्यात, नातीला. तेही हौसेने नाही.

माझी नात विमानं दुरुस्त करते. तिने हे शिक्षण का घेतलं, असं विचारलं तर ती त्या प्रशस्तिपत्राकडे बोट दाखवते. लहानपणी ते पुसून ठेवायचं काम तिचं होतं. चार वर्षं एका कंपनीत आहे. कंपनीची बस तिला सकाळी उचलते आणि संध्याकाळी सोडते. घरी आली की हात धुऊनसुद्धा तिच्या नखांत काळी रेघ असते. मला ती रेघ आवडते.

त्या दिवशी ती एका विमानाच्या पोटाखाली झाकण लावत होती. स्क्रू आधी हाताने बसवायचे आणि मग यंत्राने घट्ट करायचे, असं ते काम. बहुतेक झाले होते, चार राहिले होते. तेवढ्यात वरच्या साहेबाने हाक मारली, पलीकडच्या विमानाला माणूस कमी पडतोय, लगेच ये. ती म्हणाली, चार राहिलेत. तो म्हणाला, तुझं उभंच आहे, हे आत्ता जायचंय. ती गेली. तासाभराने परत आली, झाकण लागलेलं दिसत होतं, हातात कागद आला, सही केली.

कळंबोलीच्या सर्कलला बस अडकली होती. ती सांगत होती, खिडकीशी बसून मनगट चोळायला गेले आणि लक्षात आलं की मनगट दुखतच नाहीये. ते चार स्क्रू अवघड जागी असतात, ते घट्ट केले की मनगट दुखतंच. बसमध्येच उभी राहिली आणि फोन लावला. "ते विमान सोडू नका. माझे चार स्क्रू राहिलेत." सगळी बस वळून बघायला लागली. विमान थांबवलं, उघडून पाहिलं, चारही हातानेच बसवलेले. घट्ट केले. तासभर उशिरा विमान गेलं. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

आता सांगा, या मुलीला काय द्यायला हवं? मी असते तर चौकटीतलं ते पत्र भिंतीवरून काढून तिला दिलं असतं.

कंपनीने तीन दिवसांनी पत्र दिलं. इंग्रजीत होतं. मी म्हटलं, "मराठीत सांग." तिने सांगितलं. चूक केवळ माझ्या निष्काळजीपणामुळे झाली, तिला अन्य कोणी जबाबदार नाही, आणि हे मी कुठल्याही दबावाविना लिहून देत आहे.

माझ्या हातातला डाळिंब्यांचा वाडगा खाली आला. पन्नास वर्षांत विमानं केवढी बदलली. आमच्या वेळची विमानं आता खेळणी वाटतील. पण हे वाक्य तेच. फक्त दबावाविना हे शब्द नवीन. त्यावर सोमवार सकाळपर्यंत सही करून दे, असं बजावलं होतं. सही केली तर नोकरी राहणार, पण कागदावर ती कायमची निष्काळजी. इंजिनियरच्या लायसन्ससाठी अशा मुलीला पुढे कोण करणार? सही केली नाही तर काय, ते कुणी सांगत नव्हतं. न सांगण्यातच सगळं आलं.

ज्याने तिला हाक मारली त्याचं पत्रात नाव नाही. माणूस कमी होता, हे नाही. अर्धं काम सोडून जाताना झाकणावर 'अपुरं' अशी चिठ्ठी लावायची सोय नव्हती, हे नाही. तिने स्वतःहून फोन केला, तोही नाही! पत्रात एक झाकण, चार स्क्रू आणि माझी नात. टीव्हीवाले कुठे काही झालं की म्हणतात ना, मानवी चूक, मानवी चूक. जशा बाकीच्या चुका म्हशी करतात. अहो, हाक मारणारा मानव नाही? माणसं कमी ठेवणारा मानव नाही? खुर्चीवर बसलेल्यांची चूक झाली की ती 'परिस्थिती' आणि पान्यावाल्याची झाली की 'मानवी'. एवढी साधी वाटणी आहे ही. कुणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याच्या हातात पान असतं, पाना नसतो.

घरातल्यांचं तर विचारूच नका. तिचा एक मामा फोनवर म्हणाला, "कशाला फोन केलास कंपनीला? चार स्क्रूंनी काय होतंय?" मी फोन हिसकावून घेतला. म्हटलं, "तुझ्या स्कूटरचे चार काढून ठेवते, जा मग पेणला." त्याने मला नमस्कार करून फोन ठेवला.

शनिवारी कंपनीतल्या एका गोड आवाजाच्या माणसाचा फोन आला. नात स्वयंपाकघरात होती, तिने स्पीकरवर टाकला.

"मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे हो. आपण सगळे फॅमिलीच ना."

मी पलीकडून विचारलं, "फॅमिलीतल्या ज्याने तिला हाक मारली, त्याचंही पत्र तयार आहे का?"

"कोण बोलतंय?"

"फॅमिली."

"आजी, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"मी घेत नाही, देते."

नातीने घाईघाईने फोन बंद केला. हसली नाही. एरवी माझ्या असल्या वाक्यावर ती ओट्याला धरून हसते.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ते पत्र होतं, आणि पेन. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बँकेत आयुष्य गेलेला माणूस. सहीची जागा दिसली की सही झालीच पाहिजे, असा त्याचा स्वभाव.

"सही कर आणि मोकळी हो," तो म्हणाला. "काढून तर टाकत नाहीयेत. आणि पुढे लक्ष देऊन काम कर. तुझी आजी बघ. इतकी वर्षं टूल रूम सांभाळली, एक चूक नाही. उलट विमान वाचवलं."

मी डाळिंब्या सोलत होते. आजवर या वाक्यावर मी पदर सारखा केला होता.

नात म्हणाली, "तेच ना, बाबा. आजीच्या हातून नाही झाली, माझ्या हातून झाली. मी नाहीये या कामाच्या लायकीची. सही करते, आणि दोन महिन्यांनी सोडते. कुठेतरी ऑफिसात बघते."

आणि तिने पेन उचललं.

मला त्या क्षणी जो राग आला तो कंपनीचा नव्हता. तो त्या पंचवीस वर्षांच्या, चौकोनी घड्या घालणाऱ्या बयेचा होता. मेलीने एका माणसाचं डोकं फिरवलं होतं, आता माझ्या नातीचंही फिरवायला निघाली होती. त्या चौकटीतून, भिंतीवर बसून.

"पेन खाली ठेव," मी म्हटलं.

"आई, तू मध्ये पडू नकोस," मुलगा म्हणाला.

"मी पन्नास वर्षं मध्ये पडले नाही, तेच चुकलं. ठेव ते पेन, गधडे."

मग सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं. फोटो शालूच्या घडीतून काढून आणला आणि टेबलावर ठेवला. मुलगा मध्येच म्हणाला, "आई, हे आत्ता कशाला?" आणि जरा वेळाने अगदी हताश होऊन, "मग जावयांना काय सांगायचं?" मी म्हटलं, "सांग, सासूबाईंच्या पेढ्यांमुळे विमान परत आलं."

नातीने मोबाइलने फोटोचा फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि फळा ओळीने बघत गेली. ती तिची नजर, कामावरची. सतरापाशी थांबली.

"हा पाना बाकीच्यांपेक्षा चकचकीत आहे," ती म्हणाली.

पन्नास वर्षांत हे मलाही दिसलं नव्हतं. चौकशीला बसलेल्या कुणालाही फोटो मागायचं सुचलं नव्हतं, आणि ही पोर म्हणे या कामाच्या लायकीची नाही!

"त्या फिटरना कळलं का कधी?" तिने विचारलं.

"नाही."

"म्हणजे ते मरेपर्यंत समजत होते की आपलंच डोकं फिरलं?"

मी डाळिंबीची साल काढत राहिले. त्या दिवशी तिने मला रजिस्टरात मान घातलेली बघितली, असं म्हणायला हरकत नाही.

"त्यांच्या घरी कोण आहे?"

"मुलगा आहे. पंपाचं दुकान तोच चालवतो."

ती उठली, पत्र घेतलं आणि खोलीत गेली. रात्रीच्या जेवणाला माझ्याशी बोलली नाही. भाजी माझ्याकडे सरकवायची तीही बापाकरवी. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. इतक्या वर्षांनी खरं बोलल्याबद्दल कुणी आरती ओवाळावी, अशी त्या बयेची अपेक्षा अजून गेलेली नाही.

सोमवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. हातात तिने लिहिलेली दोन पानं. कंपनीचं पत्र बिनसहीचंच होतं, तेही सोबत. मी वाचू का विचारलं, तर तिने स्वतःच वाचून दाखवलं, उभ्या उभ्या, मराठीत सांगत. चार स्क्रू माझ्याकडून राहिले, हे पहिलंच वाक्य. मग मला किती वाजता, कुणी, कुठे बोलावलं. मी 'चार राहिलेत' म्हणाले ते. परत आल्यावर मी न तपासता सही केली, ते. बसमधून फोन केला ती वेळ. आणि शेवटी, अर्धं काम सोडावं लागलं तर झाकणाला लाल चिठ्ठी बांधायची पद्धत सुरू करावी, नाहीतर हे दुसऱ्या कुणाच्या हातून होईल. रडगाणं नाही, माफी नाही, कुणाला शिवी नाही. माझ्याकडे दिलं असतं तर मी चार शिव्या घातल्या असत्या.

मुलगा म्हणाला, "यावर नोकरी जाऊ शकते."

"जाऊ दे," ती म्हणाली. "पण मी निष्काळजी म्हणून जाणार नाही. आणि विमानं सोडणार नाही. दुसरीकडे करीन."

ती बूट घालायला वाकली. मी पाठीवरून हात फिरवायला गेले. तिने फिरवू दिला, पण वळून बघितलं नाही. दारातून बाहेर पडली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. तिथून वर बघून माझी नात मला जे म्हणाली, ते जसंच्या तसं लिहिते आहे:

"माझं मी लिहिलं, आजी. आता तुझं तू लिही, छापायला दे. आणि छापून आलं की पहिली प्रत मला नको दाखवूस, आपट्याला त्यांच्या मुलाला नेऊन दे. पोस्टाने नाही. स्वतः जा."